आधी एक अनारसा

दिवाळी अंकासाठी 'काहीतरी खुसखुशीत' लिहा, अशी संपादकांची सूचना दरवर्षी येते. वर्षभर या सदरातून मी कारखान्यातल्या आणि कचेरीतल्या यंत्रांची गाऱ्हाणी सांगत असते. निदान दिवाळीत तरी यंत्रांना सुट्टी द्यावी आणि माणसांविषयी लिहावे, असा त्यांचा मूक आग्रह असतो. यंदा मी दोन्ही एकत्र करणार आहे. विषय रुक्ष आहे हे आधीच सांगून टाकते. एका मोठ्या संगणक-प्रणालीची चाचणीपुरती उभारणी, हा तो विषय. पण वाचकांनी, आणि विशेषतः वाचकभगिनींनी, पान उलटण्यापूर्वी एवढे ऐकावे, की आपण दिवाळीच्या आधी स्वयंपाकघरात जे करतो, तेच आम्ही त्या वर्षी दोन महिने करीत होतो.

तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, कुटून, गुळात मळून अनारशाचे पीठ तयार असते. म्हणून काही आपण एकदम सगळी कढई भरीत नाही. आधी एक अनारसा तुपात सोडतो. तो हसला, म्हणजे तुपात विरून पसरला, तर पिठात काय कमी आणि काय जास्त झाले ते पाहतो, आणि मगच पुढचे. हा पहिला अनारसा ज्या कढईत सोडायचा, तिला आमच्या धंद्यात 'टेस्ट एन्व्हायर्नमेंट' म्हणतात. तोंडी बोलताना नुसते 'टेस्ट'. ज्या कढईतले पाहुण्यांच्या ताटात जाते ती 'प्रॉडक्शन', किंवा आमच्याकडच्या भाषेत 'लाइव्ह'. ही माहिती मी घरी सांगितली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी तुम्हाला पगार देतात?" देतात खऱ्या. का देतात, ते पुढे कळेल.

ही हकीकत २०१८ सालची आहे. आमचा कारखाना शेतीला लागणारे पाण्याचे पंप बनवतो. मी तिथल्या कॉम्प्युटर विभागात आहे. पंप घेणारे विक्रेते जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेले. काही मोठ्या पेठांतले बडे व्यापारी, आणि बरेचसे तालुक्याच्या गावचे लहान दुकानदार, ज्यांच्या दुकानात पंपाशेजारी दोरखंड आणि फवारणीचे डबेही असतात. कोणाला किती माल गेला, कोणाकडून किती पैसे आले, हे सारे संगणकात वर्षानुवर्षे साठत होते. पण साठलेल्या माहितीतून नेमके उत्तर काढायचे म्हणजे हिशेबखात्यातल्या काकांकडे जावे लागे. काका सेवानिवृत्तीला आलेले, डोळ्यांना जाड चष्मा, आणि हाताशी एक लांबट कापडी बांधणीची वही. संगणकात सगळे असूनही ते वही का ठेवतात, असे त्यांना कोणी विचारीत नसे. साहेबांना आता उत्तर काकांकडून नको होते, पडद्यावर हवे होते. रंगीत, सकाळी चहाबरोबर.

अशी उत्तरे देणाऱ्या प्रणालींना 'बिझनेस इंटेलिजन्स' म्हणतात. नाव भारदस्त आहे, आणि वाटते त्यापेक्षा जुनेही आहे. १८६५ साली अमेरिकेत छापलेल्या व्यापारी किश्शांच्या एका जाडजूड संग्रहात हा शब्दप्रयोग सापडतो. फर्नीस नावाच्या लंडनच्या सावकाराला युरोपातल्या लढायांच्या बातम्या इतरांच्या आधी कळत आणि त्यावर तो पैसा करी, असा तो किस्सा आहे. पुढे १९५८ साली आयबीएममधल्या हान्स पीटर लून या गृहस्थांनी याच नावाचा एक निबंध लिहिला. कोणाला कोणती माहिती हवी आहे ते ओळखून ती आपोआप त्याच्याकडे पोहोचवणारी यंत्रणा कशी असावी, याची त्यात कल्पना होती. हे लून मूळचे जर्मनीतले. संगणकाकडे वळण्यापूर्वी कापडातले धागे मोजण्याचे एक साधन त्यांनी शोधून काढले होते. आणि आपल्या पाकिटात जे बँकेचे कार्ड असते, त्याच्या क्रमांकातला शेवटचा आकडा आधीच्या सगळ्या आकड्यांवरून ठरतो. एखादा आकडा चुकीचा टाइप झाला तर यंत्राला तत्काळ कळते. ती युक्तीही याच गृहस्थांची. इतक्या उपयोगी माणसाचे नाव आपल्याला माहीत नसते, आणि चित्रपटातल्या तिसऱ्या खलनायकाचे असते! असो.

आम्ही जी प्रणाली घेतली ती ओरॅकलची, बाराव्या पिढीची. ती बसवणे म्हणजे 'सीडी घातली आणि पुढे पुढे दाबले' असा प्रकार नव्हे. आधी कोरे लिनक्स यंत्र. त्यावर जावा. जावावर 'फ्यूजन मिडलवेअर' नावाचा पाया, ज्यात वेबलॉजिक हा मुख्य खांब. पायावर खुद्द प्रणाली. आणि सर्वांत शेवटी 'कॉन्फिगरेशन असिस्टंट' नावाचा चौकस कारकून, जो पानामागून पान प्रश्न विचारतो. क्रम मोडायचा नाही. जावाची आवृत्तीसुद्धा जी सांगितली असेल तीच. 'त्याच्याहून नवी आहे, चालेल की' हा उदारपणा इथे चालत नाही. आणखी एक मौज म्हणजे, लिनक्सवर 'रूट' नावाचा जो सर्वाधिकारी असतो, त्याच्या नावाने ही उभारणी करायची नसते. त्यासाठी वेगळा, मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता काढावा लागतो. वाड्याच्या मालकाने स्वतः मुदपाकखान्यात उतरू नये, तसे हे.

या प्रणालीला स्वतःचे सामान ठेवायला डेटाबेसमध्ये कपाटे लागतात. त्यांना 'स्कीमा' म्हणतात. प्रत्येक कपाटाच्या नावाआधी आपल्या पसंतीचा एक उपसर्ग जोडायचा असतो. आम्ही 'टेस्ट' हा जोडला. क्षुल्लक वाटते, पण पुढे एकाच डेटाबेसवर दोन-तीन उभारण्या झाल्या, की हाच उपसर्ग कोणते कपाट कोणाचे ते सांगतो. आपल्या आज्या स्टीलच्या डब्यांवर नाव आणि तारीख घालून घेत, ती काय हौस म्हणून? पंगत उठल्यावर डबा परत यायला हवा, म्हणून.

पहिल्या आठवड्यात अडलो ते अक्षरांवर. डेटाबेस कोणत्या लिपीसंचात उभा आहे हे प्रणाली तपासते. तिला 'एएल३२यूटीएफ८' हा सर्व लिपी सामावणारा संच हवा असतो. आमच्या जुन्या यंत्रावरचा डेटाबेस पाश्चात्त्य अक्षरांपुरता होता. सल्लागार कंपनीकडून आलेल्या मुलांचे मत पडले, की ही नुसती सूचना आहे, चूक नव्हे, पुढे जाऊ. पण आमच्या विक्रेत्यांची आणि गावांची नावे आम्ही देवनागरीत ठेवतो. शेतकऱ्याच्या हातात जाणारे बिल त्याला वाचता यावे, एवढाच त्यामागे हेतू. आता या नव्या लिपीसंचात इंग्रजी अक्षराला एक बाइट जागा लागते, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. 'कोल्हापूर' हा शब्द घ्या. क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, उकार, र अशी नऊ चिन्हे, म्हणजे सत्तावीस बाइट. जिथे कोणी 'गावाचे नाव, वीस बाइट' असे खण पाडून ठेवले असतील, तिथे कोल्हापूर मावणार नाही. म्हणून नवा डेटाबेस मागवला आणि खण रुंद करून घेतले. त्यात आठवडा गेला. साहेब थोडे कुरकुरले. पण 'कोल्हा' असे बिल कोल्हापूरला पाठवून पाहायची माझी तयारी नव्हती.

मग दारांचा प्रश्न. संगणकाला क्रमांक घातलेली दारे असतात. आमची प्रणाली ९५०० पासून पुढचे क्रमांक घेते. ९५०० वर व्यवस्थापकाची खोली आणि ९५०२ वर सामान्य वापरकर्त्यांचा दरवाजा. पहारा सांभाळणाऱ्या आमच्या विभागाने पहिला दरवाजा उघडला आणि दुसरा तसाच बंद ठेवला, कारण अर्जावर दोन सह्या हव्या होत्या आणि एकच होती. दुसऱ्या सहीचे साहेब गणपतीला गावी. दोन दिवस मी एकटी व्यवस्थापकाच्या खोलीत बसून होते, आणि दिवाणखान्यात कोणाला येता येत नव्हते.

चूक झाली की ही प्रणाली एक क्रमांक देते, आणि त्याच्या आधी 'एनक्यूएस' अशी अक्षरे असतात. त्या मुलांपैकी सोलापूरकडच्या एकाने विचारले, "मॅडम, ओरॅकलच्या वस्तूवर हे एनक्यू कुठून आले?" त्याची गंमत अशी. ही प्रणाली मुळात 'एनक्वायर' नावाच्या एका छोट्या अमेरिकन कंपनीची. २००१ साली ती कंपनी 'सीबेल'ने घेतली. २००६ साली सीबेल ओरॅकलमध्ये गेली. दोन घरे बदलली, आडनाव दोनदा बदलले, पण चिडली की तोंडून माहेरचेच शब्द येतात! हे उदाहरण त्या मुलाला इतके पटले, की पुढे चूक दिसली की तो "माहेर आठवलं" एवढेच म्हणे.

आता मुख्य गोष्टीकडे येते, कारण खरा अनारसा पुढेच आहे.

उभारणी झाली म्हणजे घर झाले. स्वयंपाक व्हायचाच असतो. शेवटी तो चौकस कारकून विचारतो, की सुरुवातीला नमुन्याचे सामान ठेवू, तुमचे आधीचे असेल ते आणू, की कोरी पाटी देऊ? आम्ही कोरी पाटी घेतली. तिच्यावर जी मांडणी करायची, तिचे तीन थर असतात. तळाचा थर म्हणजे कोठीघर. डेटाबेसात वस्तू जशा आहेत तशा, पोती नि डबे. मधला थर स्वयंपाकघर. कशात काय मिसळायचे, कशाची बेरीज करायची, कशाचा कशाशी संबंध, हे तिथे ठरते. वरचा थर पंगत. साहेबांना फक्त तिथले दिसते, 'विक्री', 'वसुली', 'थकबाकी' अशा सुबक नावांनी. पंगतीत बसलेल्याला कोठीघरात डोकवावे लागू नये, हा या रचनेचा गुण. आणि डोकावता येत नाही, ही तिची जोखीम.

मांडणीचे काम सल्लागार कंपनीच्या मुलांनी केले. मुले हुशार आणि मेहनती होती. बोट ठेवण्याजोगे फारसे नव्हते. काकांनी पहिल्याच दिवशी ठेवले, ते स्वल्पविरामावर. पडद्यावर आकडा आला १,२३४,५६७. काका म्हणाले, "हे वाचायला मला बोट लावावं लागतं. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट असं असेल, तर तसंच लिहा." मुलांनी १२,३४,५६७ असे करून दिले. मग वर्ष. प्रणालीला जानेवारीपासून वर्ष मोजण्याची सवय; आमचे वर्ष एप्रिल ते मार्च. तेही झाले.

टेस्टमध्ये खरी माहिती आणावी की खोटी, हा जुना वाद आहे. खोटी माहिती सभ्य असते. तिच्यात कधी अडचण येत नाही, म्हणून तिच्यावर केलेली चाचणीही सभ्यपणे पार पडते. खरी माहिती आणावी तर विक्रेत्यांचे देणे-घेणे आणि त्यांचे मोबाइल क्रमांक परक्या मुलांच्या डोळ्यांसमोर उघडे पडतात. या देशात वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा स्वतंत्र कायदा संमत झाला तो २०२३ साली. २०१८ साली आमच्यापुढे होती ती फक्त लाज. आम्ही मधला मार्ग काढला. सहा महिन्यांची खरी बिले आणि खरे हप्ते आणले, पण नावे, गावे, फोन पुसून तिथे क्रमांक घातले. विक्रेता क्रमांक ०४१७, असे. आणि आणखी एक केले. या प्रणालीत 'एजंट' नावाचे दूत असतात. ठरल्या वेळी ते आपोआप पत्रे धाडतात. टेस्टमधल्या दूताने खऱ्या विक्रेत्याला पत्र धाडले तर? म्हणून सर्व दूतांच्या पत्रांचा पत्ता एकच ठेवला: आमच्या खोलीतली एक पेटी.

साहेबांची योजना दसऱ्याची होती. त्या वर्षी दसरा १८ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी प्रणाली लाइव्ह व्हायची, आणि पन्नास हजारांहून जास्त थकबाकी असलेल्यांची यादी तिने स्वतः काढायची, त्यांना पत्रे धाडायची आणि त्यांचा माल रोखायचा. दसऱ्यानंतर रब्बीची धांदल. त्याच दिवसांत पंप हलतो. त्या वेळी लहान दुकानदाराचा माल पंधरा दिवस अडला, तर त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते, आणि गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांनी चाळीस चाचण्यांचे कागद आणून दिले. चाळीसही बरोबर. प्रत्येक चाचणीपुढे हिरवी खूण. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी यादीचा एक छापील उतारा काकांकडे पाठवला. काही शंका होती म्हणून नव्हे. काकांनी पाहिल्याशिवाय थकबाकीची यादी कचेरीबाहेर जात नाही, हा आमच्याकडचा रिवाज.

तासाभराने काका स्वतः आले. हातात यादी आणि बगलेत वही.

"मॅडम, हा ०४१७ कोण?"

"काका, नावं पुसली आहेत. मलाही माहीत नाही."

"मला आहे," काका म्हणाले. "एक बिल तीस हजारांचं. हप्ते दहा, दहा आणि पाच. तिन्ही बुधवारचे. सोलापूर जिल्ह्यातला आपला एक दुकानदार आहे. त्याच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो. बुधवारी तो पैसे भरतो. त्याच्याकडे पाच हजार बाकी आहेत. तुमच्या यादीत पासष्ट हजार का दिसतात?"

नाव झाकले म्हणजे माणूस झाकला असे नव्हे, हे मला तेव्हा प्रथम जाणवले. पण तो विचार मागाहूनचा. त्या क्षणी आम्ही सगळे त्या पासष्ट हजारांकडे पाहत राहिलो.

सोलापूरच्या मुलाने मधला थर उघडला. हे असे का होते, ते मी इथे सविस्तर सांगते. कारण घरखर्चाची वही ठेवणाऱ्या कोणालाही ते कळेल. समजा, एका वहीत बिले आहेत आणि दुसऱ्या वहीत आलेले हप्ते. दोन्ही एकत्र पाहायच्या म्हणून कोणी तिसरी वही केली, आणि प्रत्येक हप्त्याच्या ओळीपुढे तो ज्या बिलाचा आहे त्या बिलाची रक्कम लिहिली. बिल एक, हप्ते तीन. म्हणजे तीन ओळी. तिन्ही ओळींत बिलाची रक्कम तीस हजार. वाचायला बरोबर आहे, कारण प्रत्येक ओळ खरी आहे. आता खाली बेरीज मारा. हप्त्यांची बेरीज पंचवीस हजार, तीही बरोबर. बिलाच्या रकान्याची बेरीज नव्वद हजार! नव्वदातून पंचवीस गेले, राहिले पासष्ट.

ज्या बड्या व्यापाऱ्याने तीन लाखांचे बिल एका धनादेशात फेडले, त्याची ओळ एकच. तीन लाखांतून तीन लाख गेले, बाकी शून्य. त्याचा हिशेब चोख दिसतो. जो बिचारा बाजारादिवशी जमेल तसे आणून भरतो, त्याचे कर्ज प्रत्येक हप्त्याबरोबर वाढत जाते. जितका तो फेडील तितका बुडेल. त्याने चौथा हप्ता पाच हजारांचा भरून सगळे देणे पुरे केले असते, तर यादीत त्याच्या नावावर नव्वद हजार दिसले असते.

आणि ज्याने एक पैसाही भरला नाही, तो? त्याचा हप्ताच नाही. म्हणून तिसऱ्या वहीत त्याची ओळच नाही. ओळ नाही म्हणून नाव नाही, आणि नाव नाही म्हणून थकबाकी नाही. तो यादीत कुठेच नव्हता. काकांनी हे ऐकले, चष्मा काढला आणि एवढेच म्हणाले, "म्हणजे सर्वांत सुखी तोच."

मग चाळीस हिरव्या खुणांचे काय? त्या खोट्या नव्हत्या. तपासणीसाठी मुलांनी विक्रेते निवडले होते ते रकमेच्या क्रमाने, सर्वांत मोठे आधी. मोठ्या रकमा बरोबर आल्या म्हणजे सगळे बरोबर, असा कोणीही समज करून घेईल. पण मोठे विक्रेते एकरकमी पैसे भरतात. हप्ते भरणारा एकही विक्रेता त्या निवडीत आला नाही. एकूण विक्रीची बेरीज खातेवहीपेक्षा बरीच फुगलेली होती, हेही कोणाच्या डोळ्यांत भरले नाही, कारण टेस्टमध्ये सहा महिन्यांचीच माहिती. बेरीज जुळायची नाहीच, असे सगळे धरून चालले होते. आणि प्रणालीने कोणताही चुकीचा क्रमांक दिला नाही. तिला माहेर आठवले नाही. तिला जी बेरीज सांगितली ती तिने बिनचूक केली होती.

साहेबांना सांगायला मी आणि काका दोघे गेलो. साहेब वाईट माणूस नव्हेत. पण दसऱ्याची तारीख त्यांनी वर कळवली होती. ते म्हणाले, "एक-दोन नावं हातानं दुरुस्त करा आणि जाऊ द्या. बाकीचं दिवाळीनंतर." काकांनी वही टेबलावर ठेवली आणि यादीतली नावे त्यांना एकामागून एक सांगायला लागले, कोण केव्हा भरतो, कोणाची मुलगी लग्नाची आहे म्हणून दोन महिने मागितले, कोणाच्या गावी टँकर चालू आहे. वही त्यांनी उघडलीच नाही. तिसऱ्या पानाच्या अर्ध्यावर साहेब म्हणाले, "पुरे. किती दिवस लागतील?"

दुरुस्तीला दोनच दिवस लागले. फिरून तपासण्याला आठवडा. दुरुस्ती सांगायला सोपी आहे. दोन वह्या एकत्र करायच्याच नाहीत. बिलांची बेरीज बिलांच्या वहीत, हप्त्यांची हप्त्यांच्या वहीत. दोन्हींना समान असा विक्रेता तेवढा दुवा ठेवायचा, आणि दोन तयार बेरजा त्याच्या नावापुढे शेजारी-शेजारी मांडायच्या. मांडणी नीट केली तर ही प्रणाली ते स्वतःच करते. डेटाबेसाला दोन वेगळे प्रश्न विचारते आणि उत्तरे आपल्याकडे सांधते. एका बाजूला नाव असेल आणि दुसऱ्या बाजूला नसेल, तरी ती ओळ गाळीत नाही. ०४१७ च्या पुढे पाच हजार आले. मुलांनी काकांना बोलावून दाखवले. काकांनी त्याच्यावर समाधान मानले नाही. त्यांनी आणखी बारा विक्रेते निवडून दिले. कोणी आगाऊ पैसे भरलेला, कोणी माल परत केलेला, कोणाचा धनादेश न वटता परत आलेला, कोणी एका धनादेशात तीन बिले फेडलेला. त्यातल्या दोघांपाशी पुन्हा अडले. तेही सुटले. मधे एकदा दुरुस्ती करूनही पडद्यावर जुनाच आकडा येत राहिला. प्रणाली एकदा दिलेले उत्तर लक्षात ठेवते आणि पुन्हा विचारले की तेच शिळे पुढे करते, हे त्या निमित्ताने नव्याने कळलेल्या एका मुलाचा अर्धा दिवस त्यात गेला.

पहिली यादी तीन पानांची होती. नवी पाऊण पानाची झाली, आणि तिच्यातली बरीच नावे पहिल्या यादीत नव्हतीच. ती वाचताना साहेब दोन ठिकाणी थांबले. त्यांपैकी एक गृहस्थ प्रत्येक विक्रेता-मेळाव्यात पहिल्या रांगेत बसत.

पहिल्या यादीबरोबर दूताने लिहिलेली पत्रे आमच्या खोलीतल्या पेटीत येऊन पडली होती. मी ती पुसण्यापूर्वी ०४१७ चे पत्र वाचून पाहिले. भाषा अत्यंत नम्र होती. 'आपल्याकडे रुपये ६५,००० येणे असून, ते प्राप्त होईपर्यंत पुढील माल पाठविणे शक्य होणार नाही, याबद्दल दिलगीर आहोत.' खाली साहेबांची सही, आपोआप उमटलेली.

दसरा चुकला. २९ ऑक्टोबरच्या सोमवारी प्रणाली लाइव्ह झाली. ०४१७ च्या दुकानदाराला यातले काही कळले नाही. पुढच्या बुधवारी त्याचे पाच हजार आले आणि त्याच आठवड्यात त्याचा माल निघाला. काकांनी वहीत नेहमीप्रमाणे निळ्या शाईत नोंद केली.

चाळीस चाचण्यांच्या कागदाला मुलांनी एक्केचाळिसावी जोडली. तिच्यात एकच बिल आहे, तीस हजारांचे, आणि तीन हप्ते. तिला त्यांनी 'बुधवार' असे नाव दिले. तसे नाव देण्याची आमच्याकडे पद्धत नाही, पण कोणी हरकत घेतली नाही. २०२१ साली आम्ही त्याच कुळातल्या नव्या प्रणालीवर, ओरॅकल ॲनालिटिक्स सर्व्हरवर गेलो. काका तोवर निवृत्त झाले होते आणि सल्लागार मुलेही वेगळीच होती. पुन्हा कोरे यंत्र, पुन्हा जावा, पुन्हा दारे, पुन्हा दोन सह्या. उभारणी झाल्यावर नव्या मुलांपैकी एकाने विचारले, "मॅडम, हे बुधवार काय प्रकरण आहे? एकाच बिलाची चाचणी?" मी म्हटले, आधी ती चालवा, मग सांगते. त्याने चालवली. पाच हजार आले. तेव्हा बाकीच्या चाळीस काढायला सांगितल्या.